न उगवलेल्या दाताचा बाजार

मुलाचा पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकू नका, शुल्क भरून पेढीत जपून ठेवा, त्यातील मूळपेशींपासून उद्या त्याला नवा दात मिळेल, असा सल्ला शहरांतील पालकांना गेली काही वर्षे दिला जात आहे. या सल्ल्याला शास्त्राचा आधार मुळीच नाही, असे नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना २००० साली अक्कलदाढेच्या मगजात आणि २००३ साली दुधाच्या दातात मूळपेशी आढळल्या. चीनमधील शिआन येथे अपघातात दुखावलेल्या मुलांच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातातील पेशी बसविण्यात आल्या आणि रक्तवाहिन्यांसह मगज पुन्हा तयार झाला, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यश निःसंशय मोठे आहे.

तथापि मगज म्हणजे दात नव्हे. जैवमुद्रणाचे यंत्र जिवंत पेशी मिसळलेल्या जेलचे थरावर थर रचते. दंतिन घडविणाऱ्या पेशी जिवंत दातात टिकून असतात, परंतु एनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नष्ट होतात. मुळाच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून रक्तपुरवठा जोडणे तर त्याहून कठीण. संपूर्ण दात छापून माणसाच्या जबड्यात रुजविण्याची गोष्ट अद्याप प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडू शकलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताखेरीज अन्य जैविक पदार्थांच्या पेढ्यांना परवानगी नाकारली, ती उगाच नव्हे. आईबापांच्या मायेवर हप्ते बांधणाऱ्यांना हे ठाऊक नसेल काय?

खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. हे विज्ञान पोहोचायचे कोणापर्यंत? अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड मजुराची दाढ ठणकू लागली, की मुळावरील उपचारासाठी दोन-तीन खेपा घालायच्या, तितक्या दिवसांची मजुरी बुडवायची आणि एसटीचे भाडेही भरायचे. त्यापेक्षा "काढूनच टाका, डॉक्टर" हे त्याला परवडते. वाचू शकला असता असा दात असा जातो.

याच जिल्ह्यात लोणी आणि संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथे काढलेल्या अक्कलदाढा आणि दुधाचे दात म्हणजे संशोधनाचे साहित्यच होय. पेशी वाढविण्याचे ज्ञान पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे, तर बहुवारिकांचे ज्ञान राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे आहे. रुग्णाच्या संमतीने आणि नीतिसमितीच्या देखरेखीखाली यांची सांगड घालणे अशक्य का मानावे? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी भांडवल जमवून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हाही पुष्कळांना ते अशक्यच वाटले होते.

मात्र पहिला प्रस्ताव दात छापण्याचा नसावा. किडलेल्या दाढेचा मगज एकाच खेपेत वाचवील आणि तालुक्याच्या दवाखान्यात परवडेल, असे जेल घडविण्याचा असावा.