सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत, पण किल्ल्यात राहणाऱ्यांचं काय?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मराठ्यांच्या निवडक १२ किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं.

होडीतून उतरलेले पर्यटक तटबंदी, शिवराजेश्वर मंदिर आणि गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहून तास-दोन तासांत परततात. पण हा किल्ला रिकामा नाही. काही कुटुंबं आजही इथे राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, तेव्हा त्यांची कमाईही थांबते.

युनेस्कोमुळे त्यांच्यावर नवे नियम आले का? तसं नाही. किल्ला आधीपासूनच केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, घर दुरुस्त करायलाही परवानगी लागते.

मग बदलणार काय? गर्दी. सोबत कचरा वाढेल, पाण्यावर ताण येईल. खरी कसोटी इथेच आहे: दगडांच्या संवर्धन आराखड्यात माणसांनाही जागा मिळते का?