दोन पानांचा पाहुणा उपाशी!

गेल्या नवरात्रातली गोष्ट. रात्री साडेअकराला ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. बँकेतली नोकरी सोडून फराळाच्या बिझनेसमध्ये उतरलेली. हाताखाली चार बायका, आणि दिवाळीतल्या निम्म्या ऑर्डर्स परदेशातल्या मराठी मंडळींच्या. त्या कुरिअरनं वेळेत निघायला हव्यात, म्हणून नवरात्र हाच तिचा खरा सीझन.

"अगं, अमेरिकेतली एक बाई विचारतेय, यंदा फराळ बंद केलात का? साइटवर म्हणे 'ऑर्डर्स बंद' लिहिलंय!"

मी साइट उघडली. सगळं ठीकठाक. मग गूगलवर तिच्या दुकानाच्या नावासकट 'दिवाळी फराळ' टाकून बघितलं, तर सगळ्यात वर आलं २०२२ चं पान! जुने दर, जुन्या तारखा आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑर्डर्स बंद झाल्या आहेत'. यंदाचं पान बिचारं खाली कुठेतरी अंग चोरून बसलेलं.

आता खरी गंमत ऐका. 'ताई, दरवर्षी नवं पान कर. जेवढी पानं जास्त, तेवढं गिऱ्हाईक जास्त,' हा सल्ला कुणाचा? अस्मादिकांचा! आमच्या ऑफिसात तेव्हा महिन्याला अमुक इतकी पानं असं टार्गेट होतं. तोच फंडा मी घरी आणून चिकटवला. एवढंच नाही, तर रोमन लिपीत 'एफ'नं लिहिलेल्या फराळाचं एक पान आणि 'पीएच'नं लिहिलेल्या फराळाचं वेगळं. हुशारीच हुशारी!

या दुखण्याला एसइओवाले 'कीवर्ड कॅनिबलायझेशन' म्हणतात. म्हणजे आपलीच पानं एकमेकांना खातात. गूगल यासाठी दंडबिंड करत नाही. पण एकाच प्रश्नाला तुमची पाच उत्तरं असली की कुठलं दाखवायचं ते गूगल ठरवतं, तुम्ही नाही. बाहेरून मिळालेल्या लिंक्सही पाच ठिकाणी वाटल्या जातात. शिवाय जून २०१९ पासून एकाच साइटचे सहसा दोनच रिझल्ट्स वरच्या यादीत दिसतात. एसटीत रुमाल टाकून सहा सीट अडवल्या, तरी बसायला मिळणार दोनच!

मग करायचं काय? आधी निदान. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये जा, ज्या शब्दांवर शंका आहे त्यावर क्लिक करा आणि मग 'पेजेस'चा टॅब बघा. त्या एका शब्दासाठी तुमची कोणकोणती पानं पुढे येतात, ते सगळं समोर. डेटा १६ महिन्यांचा मिळतो, म्हणजे मागची दिवाळीसुद्धा सापडते.

पण दोन पानं दिसली रे दिसली की लगेच कात्री चालवू नका. सर्च करणाऱ्याला काय हवंय ते बघा. 'चकलीची भाजणी कशी करायची' आणि 'चकली ऑनलाइन ऑर्डर', दोन्हीकडे चकली आहे, पण एकीला रेसिपी हवीय आणि दुसरीला डबा. ही दोन पानं भांडत नाहीत, त्यांना सुखानं नांदू द्या. रेसिपीच्या पानावर ऑर्डरची लिंक द्या, झालं. आमच्या वर्षावर्षांच्या पानांचं तसं नव्हतं. गिऱ्हाईक तेच, गरज तीच.

त्या रात्री आम्ही फक्त प्रथमोपचार केले. ऐन सीझनमध्ये मोठी तोडफोड करायची नाही. २०२२ च्या पानावरची 'बंद'ची पाटी काढली आणि वरच मोठं बटण टाकलं, 'यंदाची ऑर्डर इथे द्या'.

खरं ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर. एकच पान ठेवलं, पत्त्यात वर्ष नसलेलं. दरवर्षी दर आणि तारखा तिथंच बदलायच्या. जुन्या पानांतला कामाचा मजकूर त्यात घेतला आणि जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टनं, म्हणजे कायमचा पत्ता बदलल्याची पाटी लावून, नव्या पानाकडे वळवले. पानं नुसती डिलीट केली असती तर २०२२ च्या पानाला परदेशातल्या एका मंडळाच्या साइटवरून मिळालेली लिंक वाया गेली असती. सगळं होमपेजवर ढकलायचा शॉर्टकटही नको, फराळ शोधणाऱ्याला फराळच दिसला पाहिजे. रीडायरेक्ट्स किमान वर्षभर तरी ठेवा. आणि साइटच्या मेनूतल्या, इतर पानांवरच्या लिंक्स बदलायला विसरू नका.

दोन्ही पानं ठेवणं भागच असेल, उदाहरणार्थ अर्धा किलो आणि एक किलो चकलीची जवळपास सारखी पानं, तर कॅनॉनिकल टॅग वापरा. २००९ पासून आहे तो. 'यातलं मुख्य पान हे' एवढं तो गूगलला सांगतो. पण ती विनंती असते, हुकूम नाही.

आता ताईचं एकच पान दिसतं. तिनं मला माफही केलंय, बहुतेक! पण एक गोष्ट अजून खुपते. त्या अमेरिकेतल्या बाईनं निदान विचारलं. 'ऑर्डर्स बंद' वाचून न विचारता पान बंद करणारे किती होते, ते आम्हाला कधीच कळणार नाही. त्या चार बायकांच्या मजुरीतून किती गेले, तेही नाही.

तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी 'अजून दहा पानं टाकूया' म्हणालं, की हळूच विचारा, "या विषयाचं आपलं एक पान आधीच आहे का?" असेल तर तेच सजवा. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. इथं तर पाहुणा उपाशी आणि यजमानही!