‘करंट येतोय’ म्हणजे नेमकं काय येतंय?

सोलापूर ते धाराशिव रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात जा, गाडीतल्या विजेचं सगळं शास्त्र एका शब्दात मावलेलं दिसेल: करंट. बॅटरीत करंट आहे, वायरीत करंट येतो, बॉडीला करंट मारतो. मी भाषेचा मास्तर. शब्द कमी म्हणजे अक्कल कमी, असं मी कधीच मानलेलं नाही. आमच्या तुळजापुरात नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारे उस्ताद आहेत. पण या एका शब्दापायी लोकांचे पैसे वाया जातात आणि कधीकधी जिवाशी खेळ होतो, असं माझं मत आहे. पेट्रोल गाडीतला फ्युएल पंप हे त्याचं उत्तम उदाहरण.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हा पंप बहुधा इंजिनावरच असे आणि इंजिनाच्या फिरण्यावर चाले. इंजेक्शनच्या गाड्या आल्या, पंप विजेवर आला आणि टाकीत जाऊन बसला. बॅटरी बॉनेटखाली, टाकी मागच्या सीटखाली. मध्ये चार-पाच मीटर वायर, फ्यूज, रिले, दोन-तीन कपलर आणि परतीच्या वाटेला अर्थिंग. गाडी जुनी होते तशी कपलरची पिन काळी पडते, अर्थिंगचा बोल्ट गंजतो. मग गाडी गावात बरी चालते, पण सोलापूरकडून येताना घाट लागला की दम सोडते. नवरात्रात भाविकांना घेऊन येणाऱ्या भाड्याच्या गाडीचं असं झालं, तर चालकाची त्या दिवसाची कमाई गेलीच समजा.

गॅरेजात काय होतं? मागची सीट उचलतात, पंपाचा कपलर काढतात, टेस्टर लावतात. बल्ब लख्ख पेटतो. “सर, करंट तो पूरा आरा. पंपच गया.” काही हजारांचा नवा पंप बसतो. गंमत अशी, की नवा पंप ताज्या दमाचा असतो. कमी व्होल्टेजवरही तो काही महिने रेटून नेतो, म्हणून निदान बरोबर होतं असं मिस्त्रीलाही वाटतं आणि मालकालाही. पुढे तोही कुरकुरायला लागला, की दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो.

मिस्त्रीला इथे ‘करंट’ या शब्दाने फसवलेलं असतं. व्होल्टेज वेगळं, करंट वेगळा. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपात गाळ साचला असेल, तर नळ बंद असेपर्यंत नळाशी दाब पूर्ण असतो. नळ उघडला की धार बारीक येते. विजेचंही तसंच आहे. समजा एखाद्या खराब सांध्यात अर्धा ओहम रोध आहे. टेस्टरचा 5 वॅटचा बल्ब 0.4 अँपिअर घेतो, म्हणजे त्या सांध्यात फक्त 0.2 व्होल्ट खर्च होतात. बल्बाच्या उजेडात तेवढा फरक डोळ्याला कळतही नाही. पंप मात्र 6 अँपिअरच्या आसपास घेतो. तिथे 3 व्होल्ट गेले. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट असतील, तर पंपाला मिळाले 11. आणि गेलेले 3 व्होल्ट हवेत विरत नाहीत; 18 वॅटची उष्णता त्या इवल्याशा सांध्यात तयार होते. वितळलेला, तपकिरी पडलेला कपलर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो का वितळला, हे सहसा कुणी विचारत नाही.

म्हणून पंप चालू असतानाच मोजायचं. कपलर जोडलेलाच ठेवायचा, मागच्या बाजूने बारीक पिन आत सारायची, टाकीचं तोंड मात्र बंद हवं. डिजिटल मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी पंपाच्या प्लसला लावायची. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग हेच मायनसच्या बाजूने करायचं: बॅटरीचा मायनस आणि पंपाचा मायनस. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टाच्या आत असेल तर वायरिंग निर्दोष. जास्त असेल तर पंपाकडची तार तिथेच ठेवून बॅटरीकडची एकेक टप्पा पुढे न्यायची, फ्यूजच्या पलीकडे, रिलेच्या 30 नंबरला, मग 87 ला. आकडा जिथे एकदम खाली येतो, तो टप्पा चोर. या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत. मीटर काही शे रुपयांत मिळतो.

आता नव्या वायरिंगबद्दल. वायर बदलूनही व्होल्टेज पडतंच, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा प्लसची वायर नवी असते आणि अर्थिंग जुनीच, रंगावर कसलेल्या बोल्टाची. किंवा वायर तांब्याची म्हणून घेतलेली असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनिअम निघतं. जाडीचा हिशेबही कुणी करत नाही. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या 5 मीटर वायरीत 6 अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट जातो; 2.5 ची घेतली तर 0.2. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा आपल्या धुळीत आणि पावसात फार दिवस टिकत नाही.

मला खरी भीती वाटते ती ‘डायरेक्ट’ची. रोग सापडला नाही की “पंप डायरेक्ट कर दिया” म्हणून बॅटरीवरून किंवा चावीवरून सरळ वायर ओढतात. गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. पण इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर कंप्युटर पंप दोन-तीन सेकंदच चालवतो, आणि इंजिन फिरत असेल तरच चालू ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोलही बंद व्हावं, म्हणून ही सोय आहे. डायरेक्ट केलेला पंप फुटलेल्या पाइपातूनही पेट्रोल ओतत राहतो. वर त्या वायरीला फ्यूज नसेल, तर ती पत्र्याला घासून आगीची ठिणगीही तीच पुरवते. जाड वायर अवश्य टाकावी, पण बॅटरीजवळ फ्यूज घालून, रिलेच्या 30 आणि 87 मधून. पंपाची जुनी वायर रिलेच्या 86 ला, आणि 85 ला अर्थिंग. म्हणजे हुकूम कंप्युटरचाच राहतो, ओझं फक्त नव्या वायरीवर जातं.

यात भाषेच्या मास्तराने का पडावं? तर मराठवाड्यातल्या गॅरेजांत आपली पुष्कळ मुलं आहेत, आणि त्यांच्या वाट्याला एकाच गोष्टीसाठी तीन भाषा येतात. नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम आहे. मराठी पुस्तकात ‘विभवांतर’ आणि ‘रोध’, उर्दूत ‘मज़ाहमत’, गॅरेजात फक्त ‘करंट’. मुलगा परीक्षेत नियम लिहून गुण मिळवतो आणि सुट्टीत चाचाच्या गॅरेजात टेस्टर घेऊन बसतो, पण वहीतला ‘रोध’ म्हणजेच हातातला काळा पडलेला कपलर, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. गेऑर्ग ओहम, ज्याने 1827 मध्ये हा नियम छापला, तो कोलोनच्या शाळेतला मास्तर होता आणि त्याचा बाप कुलपं बनवणारा कारागीर. त्या कारागिराने स्वतः अभ्यास करून मुलांना गणित आणि विज्ञान घरीच शिकवलं.

आमच्या गॅरेजातल्या मुलांच्या हातात कौशल्य आधीच आहे. नववीच्या वर्गात एकदा भंगारातला पंप, बॅटरी आणि गंजलेला कपलर आणून मीटर लावून दाखवावा. फळ्यावर विभवांतर, मज़ाहमत, व्होल्टेज, करंट हे शब्द शेजारी-शेजारी लिहावेत. विज्ञानाच्या सरांनी बोलावलं, तर शब्दांची बाजू मी सांभाळायला तयार आहे. पंप रिकामा आणि कोरडा आणायचा, चालवून दाखवायला बल्ब पुरे: आधी 5 वॅटचा, मग हेडलाइटचा 60 वॅटचा. कपलर तोच, बॅटरी तीच, आणि दुसरा बल्ब मंद का पेटतो, हे मुलांनीच सांगायचं.