वाटा नकाशावर आणा

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या शेतजमिनीचे खरेदीखत वाचायला घेतले, तर त्यात गट क्रमांक, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, विहीर, झाडेझुडपे, दगडमाती असे सगळे सापडते. जमीन घेणाऱ्याच्या जाण्यायेण्याच्या वहिवाटीचाही त्यात आवर्जून उल्लेख असतो. पण त्याच जमिनीतून पलीकडची वाडी पिढ्यानपिढ्या ओढ्यावर पाण्याला, गुरे घेऊन माळावर किंवा मयत घेऊन स्मशानात जात आली असेल, तर त्या वाटेबद्दल खतात बहुधा एक ओळही नसते. विकणाऱ्याला ती लिहावीशी वाटत नाही, कारण गावात ती सगळ्यांना ठाऊकच असते. घेणारा शहरातला, त्याला ती कुणी सांगितलेली नसते. मोजणी होते, सिमेंटचे खांब रोवले जातात, तारा ओढल्या जातात आणि पहिल्या पावसाच्या आत वाट बंद झालेली असते.

यात बहुतेक वेळा कुणी कुणाला जाणूनबुजून फसवलेले नसते. म्हणूनच हा प्रश्न चव्हाट्यावर येत नाही. धरणाची बातमी होते, आयटी पार्कातल्या वाहतूक कोंडीची होते. पायवाट बंद झाल्याची होत नाही. पण मुळशीतल्या लहान गावांचे जगणे ज्या गोष्टींवर तगून आहे, त्यांत शिवारातल्या वाटा पहिल्या रांगेत येतात. त्या कागदावर आणण्याचे काम ग्रामसभांनी आता हाती घेतले पाहिजे, आणि महसूल खात्याने त्यांना साथ दिली पाहिजे.

तालुक्याचा पूर्व भाग आता जवळजवळ पुणे शहरच झाला आहे. हिंजवडी, माण, मारुंजी हा आयटीचा पट्टा. भूगाव, भुकूम, पिरंगुट ही पौड रस्त्यावरची गावे गृहसंकुलांनी आणि कारखान्यांनी भरून गेली. हाच रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ म्हणून ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे दिघी बंदराकडे जातो. पौड मागे पडल्यावर मात्र कोळवण खोऱ्यात, मुठा खोऱ्यात, मुळशी जलाशयाच्या काठाने आणि घाटमाथ्यावर अजून खरीखुरी लहान गावे आहेत. गावठाण चार-दोन आळ्यांचे, शिवार मात्र ओढ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत. खाली भाताची खाचरे, वर नाचणी-वरईची वरकस जमीन, त्यावर गायरान, मग देवराई आणि जंगल. या सगळ्याला गावाशी बांधून ठेवतात त्या वाटा.

त्यांचा वर्षभराचा वापर पाहिला, म्हणजे त्यांची किंमत कळते. उन्हाळ्यात राब भाजायला टहाळ, शेण आणि पाचोळा डोक्यावरून खाचरापर्यंत न्यायचा. जूनमध्ये तरवा पेरायचा, जुलैत आवणी. आवणीच्या दिवसांत बांधावरची वाट एका पावलाएवढी उरते. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखल. डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन बाई पुढे चालते, इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडतो, आणि समोरून कुणी आले तर दोघांपैकी एकाला खाचरात उतरावे लागते. त्याच बांधावरून मुले सकाळी डांबरी सडकेवर जाऊन एसटी पकडतात. पाऊस सरला की गुरे माळावर जातात, जत्रेला गाव देवराईतल्या वाघजाईला किंवा काळकाईला जातो. कातकरी कुटुंबांकडे बहुधा स्वतःची जमीन नसते. ओढ्यातले खेकडे, मासे, रानातली भाजी, कंद यांवर त्यांचे बरेच काही चालते. जमीनवाल्याला वाट बंद झाली तर लांबचा फेरा पडतो. कातकऱ्याचे ताटच रिकामे राहते. घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांची गतही फारशी वेगळी नाही.

वाटा फक्त गावापुरत्याही नाहीत. तैलबैल्याच्या जुळ्या कातळभिंतींपासून सवाष्णी घाट सुधागडाच्या बाजूला कोकणात उतरतो आणि वाघजाई घाट ठाणाळ्याच्या लेण्यांकडे. ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि ती तिथे खोदली गेली ती घाटमाथा आणि कोकणातली बंदरे यांच्यातली ये-जा या वाटांनी होत होती म्हणून. घाटमाथ्यावरच्या पिंपरी गावाहून अंधारबनातून भिऱ्याकडे उतरणारी वाट आज शनिवार-रविवारी शहरातल्या तरुणांनी गजबजलेली असते. ती फिरायला येणाऱ्यांनी शोधलेली नाही. माथ्यावरच्या आणि कोकणातल्या गावांनी सोयरीक, बाजार आणि कामधंदा यांसाठी चालून चालून ती टिकवली. आज माहिती पुस्तिकेत तिचे नाव छापून येते, पण ज्यांनी ती राखली त्यांच्या हक्काची नोंद क्वचितच सापडते.

मुळशीकरांना जमिनीचा प्रश्न नवा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला. बापटांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिले. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी नीला आणि मुळा यांचे पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळवण्यात आले. लढा हरला, धरण झाले, खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. शेते आणि घरे गेली, तसे गावागावांना जोडणारे खालचे रस्तेही गेले. तेव्हा मावळ्यांची जमीन कायद्याच्या बळावर काढून घेतली गेली. आजचा व्यवहार राजीखुशीचा आहे. शेतकरी मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा चांगला भाव आला म्हणून जमीन विकतो आणि तो त्याचा हक्कच आहे. पण जमीन त्याची असली, तरी तिच्यातून जाणारी वाट त्याच्या एकट्याची नव्हती. जे त्याच्या एकट्याचे नव्हते, ते विक्रीत जाता कामा नये.

हा प्रश्न दुसऱ्या एका देशाने कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये मार्डेल नावाचे छोटे खेडे होते. मँचेस्टर शहराला पाणी हवे म्हणून १९१९ मध्ये संसदेने कायदा केला आणि १९३० च्या दशकात ते खेडे हॉजवॉटर जलाशयाखाली गेले. मुळशीसारखीच कथा, आणि जवळपास त्याच काळातली. त्याच दशकात तिथे दुसरा एक झगडा चालू होता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या परिसरातले शेकडो कामगार जमीनदारांनी बंद केलेल्या किंडर स्काउट डोंगरावर ठरवून चढले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या चळवळीला फळ आले ते १९४९ च्या कायद्यात. त्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे बंधनकारक केले, आणि प्रत्यक्ष शिवार पायी पालथे घालून वाटांच्या याद्या करण्याचे काम आपल्या ग्रामपंचायतीसारख्या असलेल्या पॅरिश कौन्सिलांकडे आले.

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा नोंदलेल्या आहेत. त्या बहुतांशी खासगी शेतांतून जातात. मालकी शेतकऱ्याचीच राहते. शेत नांगरले तर ठरावीक दिवसांत वाट पुन्हा मोकळी करून द्यायची, आणि चालणाऱ्याने वाट सोडायची नाही. कुंपण असेल तिथे दोन-तीन लाकडी पायऱ्या, ज्यावरून माणूस ओलांडतो आणि मेंढरू अडते. शेत विकले गेले तरी वाट तिथेच राहते, कारण ती नकाशावर आहे.

आपल्याकडे कायदा नाही, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. भूमी अभिलेखाच्या जुन्या गाव नकाशांवर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेले आहेत. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ तहसीलदाराला बांधावरून शेतकऱ्याला वाट देण्याचा अधिकार देते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा तहसीलदार काढू शकतो. मात्र दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. ही सहा महिन्यांची अट वाडीवस्तीवर फार थोड्यांना माहीत असते. कुंपण मार्चमध्ये पडले, गाव पावसाळ्यात आवणीत गुंतले, दिवाळीनंतर कुणीतरी पौडला तहसील कचेरीत जायचे ठरवले, तोपर्यंत मुदत संपलेली असते.

सगळ्यांत उपयोगी तरतूद मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. याच संहितेचे कलम १६५ सांगते की, सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवर पाटपाणी, वाट, मासेमारी यांबाबत गावात जे रिवाज असतील, ते जिल्हाधिकाऱ्यांनी शोधून नोंदवायचे. या दप्तराला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. म्हणजे खासगी शेतातून जाणाऱ्या गावाच्या वाटेसाठी नेमकी वही १९६६ पासून कायद्यात आहे. विदर्भात ती ओळखीची आहे. मावळ भागात तिचे नाव घेतले तर भुवया उंचावतात. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण त्याची नजर ट्रॅक्टर आणि यंत्रे जातील अशा रस्त्यांवर आहे. ओढ्यावर, देवराईत, स्मशानात आणि घाटाकडे जाणाऱ्या पायवाटा त्यात आपोआप येणार नाहीत.

या मागणीवर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घ्यायला हवेत. शेतघर बांधणारा म्हणेल, वाट खुली ठेवली की चोऱ्या होतात, दारूच्या बाटल्या पडतात, वणवे लागतात. बाटल्यांची तक्रार खरी आहे, आणि गावालाही तिचा तितकाच त्रास आहे. पण नोंदलेली वाट म्हणजे मोकाट वावर नव्हे; वाट नक्की झाली की तिच्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याला अडवणे उलट सोपे जाते. २०२४ च्या पावसाळ्यात अपघातांनंतर प्रशासनाने धबधबे आणि पर्यटनस्थळांवर बंदी आदेश काढले. धोक्याच्या ठिकाणी पाहुण्याला रोखणे योग्यच, पण रोजच्या कामाला जाणारा गावकरी आणि सहलीला आलेला पाहुणा यांच्यातला फरक सांगायला गावाकडे कागद हवा. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: वाटा अडवणारे सगळे शहरातले नसतात, भाऊबंदकीत गावातलेच लोक एकमेकांच्या वाटेत काटे टाकतात. हे नाकारता येणार नाही. म्हणूनच नोंद कुणा एकाच्या अर्जावर न होता सगळ्या गावाच्या साक्षीने व्हायला हवी.

ते कसे व्हावे, हे अवघड नाही. राज्यात ग्रामसभा भरण्याच्या ठरलेल्या तारखांपैकी १ मे ही या कामाला सोयीची. त्या वेळी खाचरे कोरडी असतात, वाटा उघड्या दिसतात, मुंबई-पुण्याला गेलेली माणसे सुटीत गावी आलेली असतात. ग्रामपंचायतीने आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत आणावी. प्रत्येक वाडीतून एक म्हातारे माणूस, एक आवणीला जाणारी बाई, कातकरी वस्तीतले कुणीतरी आणि गुरे राखणारा असा गट करावा, सोबत तलाठी असावा, आणि मोबाइलवर वाटा नोंदणारा गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी. चालत जाऊन कुठली वाट कुठून कुठे जाते, कोणत्या गटातून जाते आणि कशासाठी वापरली जाते, ते लिहावे. ज्याच्या जमिनीतून ती जाते त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे. वाट बांधाच्या कडेने सरकवता येत असेल, तर तसे ठरवावे. मग ग्रामसभेचा ठराव पौडच्या तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाजिब-उल-अर्जसाठी पाठवावा. वनजमिनीतल्या वाटा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्यात घालाव्यात.

सरकारकडे मागायच्या गोष्टी दोनच आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशीतल्या पाच-सहा गावांत पहिल्या वर्षी हे काम मुदत घालून पूर्ण करावे, म्हणजे बाकीच्या गावांना वहिवाट नोंदवण्याची रीत कळेल. आणि खरेदीखत नोंदवताना, त्या गटातून नोंदलेली वाट जात असल्यास तिचा उल्लेख दुय्यम निबंधक कार्यालयाने सक्तीचा करावा. शहरातल्या खरेदीदारालाही हेच हवे असेल. त्याला जमीन घेण्याआधी वाट कळली तर कुंपण घालताना तो तिथे माणूस जाईल आणि गुरे अडतील एवढी फट ठेवील, आणि शेजारी राहायला येतानाच गावाशी भांडण मांडणार नाही.