पाटीतला मासा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावल्याशिवाय आमच्या घरात कोणी फराळाला शिवत नाही. वाचकहो, आपल्या हातात आत्ता बहुधा चकली असेल. तिच्या आधी हे माझे कारीट फोडून घ्या.

मी राहतो आगरदांड्याला. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. मुंबई इथून दिसत नाही. ऐकू मात्र येते. आभाळ निवळलेले असले आणि ट्रान्झिस्टरची तार नीट ताणली, तर रात्री त्या महानगरातली नभोवाणी केंद्रे खरखरत का होईना, आमच्या ओटीवर येतात. मी त्यांचा फुकट्या श्रोता. फुकट्याने तक्रार करू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे.

या केंद्रांत श्रोत्यांसाठी मोठी चुरस आहे असे म्हणतात. मुंबईत खाजगी केंद्रे २००२ साली बोलू लागली. लिलावात परवान्याची बोली वर्षाला ९.७५ कोटी रुपयांवर गेली होती. एवढा बोजा डोक्यावर असलेला माणूस चार पैसे सुटतील तेच गाणार, हे मला समजते. पण २००५ साली धोरण बदलले. एकरकमी प्रवेशशुल्क आणि पुढे उत्पन्नाचा ४ टक्के हिस्सा, असे ठरले. बोजा हलका झाला. गाणे मात्र तेच राहिले. मग २००७ साली श्रोत्यांची मोजदाद सुरू झाली. निवडक घरांत वह्या दिल्या गेल्या. कोणी केव्हा कोणते केंद्र ऐकले ते त्यांत लिहायचे. त्या वह्यांतल्या खुणांवर जाहिरातींचा भाव ठरू लागला.

आता या चुरशीचे फळ पाहा. रेडिओचा कान पिळावा तर इथे जे हिंदी चित्रपटगीत, तेच दोन घरे पुढे. तोच खिदळणारा निवेदक, तीच कोणाला तरी दूरध्वनीवर फसवण्याची थट्टा. आमच्या मुरूडच्या बाजारात दहा कोळणी बसल्या, दहांच्याही पाटीत बोंबीलच, आणि फरक काय तो ओरडण्याचा, तर त्याला आम्ही चुरस म्हणणार नाही, गलका म्हणू. पण आमच्या बाजारात असे होत नाही. एकीकडे मांदेली असतात, दुसरीकडे कोळंबी, तिसरीकडे सुकट. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि त्याला काय हवे ते त्या बाईला विचारावे लागते.

खरी मेख इथेच आहे. नभोवाणीच्या बाजारात श्रोता हा गिऱ्हाईकच नव्हे. गिऱ्हाईक आहे जाहिरातदार. श्रोता हा पाटीतला मासा! त्याची आवड कोण विचारतो? त्याचे वजन करतात. आणि आगरदांड्याचा मासा तर त्या तराजूत चढतच नाही. कारण वही शहरातल्या घरात.

चढाओढीलाच माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. १९५२ साली डॉ. केसकर माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी झाली. लोकांनी कान फिरवला तो थेट सिलोनकडे. बिनाका गीतमालेने घराघरांत ठाण मांडले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. ही खरी चढाओढ! एकाकडे नव्हते ते दुसऱ्याने दिले, म्हणून पहिल्याला शहाणपण सुचले. त्याच काळात, १९५५च्या रामनवमीपासून, पुणे केंद्राने वर्षभर गीतरामायणाची ५६ गीते ऐकवली. ती कोणत्या वहीतल्या खुणांसाठी नव्हती.

यावर ठरलेले उत्तर असते : 'आवडत नसेल तर बंद करा.' माझ्या बाबतीत करीनही. पण ३ जून २०२० विसरता येत नाही. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. आगाऊ सूचना मिळाली होती, ते नाकारत नाही. पण वादळ गेल्यावर? वीज गेली, मोबाईल मुके झाले, माडपोफळी वाटेवर आडव्या. शेजारणीचा मुलगा मुंबईला. तो सुखरूप आहे की नाही, रस्ता केव्हा उघडेल, कोणी सांगेना. मी जुन्या ट्रान्झिस्टरात सेल घातले. आकाशवाणीच्या बातमीपत्रात वादळ होते. पण बातमीपत्र मिनिटांचे आणि रात्र बारा तासांची. पुढच्या केंद्रावर एक उत्साही आवाज पावसाळी प्रेमगीतांची फर्माईश विचारत होता. शेजारीण म्हणाली, "भाऊ, बंद करा ते." मी बंद केले.

त्यांना बातम्या देण्याची मुभा नाही, असे सांगतील. स्वतःच्या बातम्यांची नाही, हे खरे. पण हवामान, वाहतूक, वीजपाणी आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयी प्रशासनाने दिलेली माहिती सांगायला २०११च्या नियमांनी मोकळीक दिलेली आहे. हात बांधलेले नाहीत. हात खिशात आहेत.

आणि लहरी कोणाच्या? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते, की नभोवाणीच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे त्या माझ्या शेजारणीच्याही आहेत. खाडीत तर चालवणारादेखील भाड्याच्या बदल्यात पलीकडे पोचवतो; अर्ध्या पाण्यात गाणी म्हणत बसत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक परवान्याबरोबर रोजचा ठरावीक वेळ मराठीतून हवामान, भरतीओहोटी आणि किनाऱ्याची खबर यांना द्यावा, आणि संकटाच्या दिवशी गाणी थांबवावीत. आकाशवाणीनेही खिदळणाऱ्यांची नक्कल करू नये. तिच्या पाटीत वेगळा मासा आहे, तो झाकून ठेवू नये.

फुटले कारीट. आता खुशाल चकली घ्या. आम्ही इकडे रात्री तार ताणून बसलोच आहोत.