विश्लेषण : तोंडाच्या कर्करोगात पेशींचे ‘संकेत’ काय सांगतात?

जालन्याच्या मस्तगडमधील एखाद्या घरात तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पेशंट वाचेल ना?’ याचे उत्तर काही प्रमाणात पेशींच्या आत दडलेले असते. पण ते हाती यायला किती उशीर होतो, यावरच बरेच काही ठरते.

पेशींचे संकेत म्हणजे काय?

पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचा निरोप घेणारी प्रथिने असतात. ‘ईजीएफआर’ हे त्यांपैकी एक. त्याला वाढीचा संदेश मिळाला, की तो आतल्या प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशीचे विभाजन होते. काम संपले की हा संदेश बंद होतो. कर्करोगात मात्र बटण अडकून दिवा सुरूच राहावा, तसा तो चालू राहतो. तोंड, जीभ, घसा आणि स्वरयंत्राच्या बहुसंख्य गाठींमध्ये ईजीएफआर गरजेपेक्षा जास्त आढळते. ज्यांच्यात ते खूप जास्त असते, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मग हीच तपासणी सर्वात महत्त्वाची का नाही?

कारण रुग्णाचे भवितव्य आजही प्रामुख्याने गाठीचा आकार, तिची खोली आणि मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला की नाही, यावर ठरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१५ मधील अभ्यास याचा पुरावा आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेच्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. ग्रंथींमध्ये आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हा फरक महागड्या औषधाने नव्हे, वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने पडला.

संकेत रोखणारी औषधे परवडतात का?

इथेही महाराष्ट्रातच वाट सापडली आहे. आजार बळावलेल्या, बरा होण्याची शक्यता नसलेल्या रुग्णांवर टाटा मेमोरियलने मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची चाचणी घेतली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनवरील रुग्णांचा मध्यम जगण्याचा काळ ६.१ महिने, तर गोळ्यांवरील रुग्णांचा ७.५ महिने होता.

पुढच्या चाचणीत सर्वच रुग्णांना या दोन गोळ्यांसोबत ईजीएफआरचा संकेत रोखणारी एर्लोटिनिब ही गोळी देण्यात आली. त्यांतील निम्म्या रुग्णांना निवोलुमॅबही मिळाले. कर्करोगाची गाठ रोगप्रतिकारक पेशींना ‘थांबा’ असा संकेत देते. निवोलुमॅब तो संकेत अडवते. एरवी त्याचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. इथे तो दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम होता. तरीही वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीच्या डोसशी याची थेट तुलना या चाचणीत नव्हती. पण ज्याला पूर्ण डोस कधीच परवडणार नाही, त्याच्यासाठी हे आकडे मोठे आहेत.

जालन्यासाठी याचा अर्थ काय?

गोळ्यांचा उपचार घराजवळ देता येतो. त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची गरज नसावी. हे पर्याय महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी विनाअडथळा मिळतात का, हे आरोग्य विभागाने तपासायला हवे.

पण त्याआधीचे काम त्याहून स्वस्त आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी तंबाखूची सवय सुटलेली नाही. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. ती कागदावर नव्हे, टॉर्च लावून व्हायला हवी. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. पेशीच्या आतला संकेत वाचायला प्रयोगशाळा लागते. तोंडातला हा संकेत मात्र आरशासमोर उभे राहूनही दिसतो. तो वेळेत ओळखला गेला, तर मस्तगडमधल्या त्या पहिल्या प्रश्नाला डॉक्टर अधिक खात्रीने ‘हो’ म्हणू शकतील.