परदेश बघा, पण आधी बडोदा!

मंडळी, आम्ही चार निवृत्त बँकवाले इस्तंबूलला जाऊन आलो. बॅगेत ठेपले भरपूर, पण खाल्ला तो रस्त्यावरचा तीळ लावलेला सिमित. 537 साली बांधून झालेली आयासोफिया मान दुखेपर्यंत पाहिली. चहावाल्याने विचारलं, "तुमच्या गावात काय बघायचं?" लक्ष्मी विलास पॅलेस सांगितला, पुढे गप्प! कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. सत्तरी उलटली तरी एकानेही पाहिली नव्हती. "परत गेल्यावर जाऊ" म्हणालो. राहिलंच. आता आम्ही तिघेच उरलो.

माझं स्पष्ट मत: परदेशी जरूर जा, तिथलंच खा. पण गावातलं उद्यावर ढकलू नका. या आठवड्यात आम्ही तिघे कीर्तिमंदिरात जातोय, नंतर सेव उसळ. कोण येतंय?